पर्समधल्या चाकूबद्दल

अगं, शेवटच्या कर्जत लोकलने परतावं लागतं म्हणून पर्समध्ये चाकू ठेवायचा म्हणतेस. मीही दोन वर्षं ठेवला होता. सफरचंदं तेवढी कापली!

कायद्याचं आधी. ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांत येतात. तुझा चाकू लहान, म्हणून सुटलीस असं समजू नकोस. मुंबईत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू, काठीसुद्धा येते. घाटकोपरला मेट्रोत शिरताना बॅग स्कॅनरमधून जाते, तिथे काय सांगशील?

खरी अडचण वेगळीच. हल्लेखोर हातभर अंतरावर येतो तेव्हा तुझा एक हात त्याला ढकलण्यात अडकलेला असतो. घडीचा चाकू पर्समधून शोधून उघडायला बहुधा दोन्ही हात लागतात. लॉक नसेल तर पातं आपल्याच बोटांवर मिटतं. शिवाय त्याने हिसकावला तर? स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण गरजेपुरत्याच बळाचा. पळणाऱ्याच्या पाठीत वार केलास तर आरोपी तू.

त्यापेक्षा कर्कश शिट्टी घे, पर्समध्ये नाही, पट्ट्यालाच बांध. रात्री पोलीस बसतो तो महिलांचा डबा पकड. रेल्वेसाठी १५१२, बाहेर ११२ किंवा १०३. आजच सेव्ह कर. आणि हो, इअरफोन काढून चालत जा बाई.