गॅलरीतला तिरंगा उतरवायचा कधी?

प्रश्न : सर, गेल्या पंधरा ऑगस्टला गॅलरीत लावलेला झेंडा अजून तसाच आहे. ऊनपावसाने केशरी रंग पार उडालाय, कडेचे धागे सुटलेत. मला तो काढायचाय, पण सासरे म्हणतात, झेंडा काढला तर अपमान होतो. खरं काय? आणि काढून ठेवायचा कुठे? (एक वाचक, कराड)

ताई, आजच उतरवा. उतरवण्यात अपमान नाही. फाटका किंवा विटका झेंडा लावून ठेवणं हेच ध्वजसंहितेला, म्हणजे झेंड्याच्या सरकारी नियमावलीला, मान्य नाही.

सासऱ्यांची भीती मात्र मी समजू शकतो. त्यांच्या उमेदीच्या काळात ठरावीक राष्ट्रीय दिवस सोडले, तर सामान्य माणसाला घरावर तिरंगा लावायची मुभाच नव्हती. २६ जानेवारी २००२ पासून भारतीय ध्वजसंहिता लागू झाली आणि वर्षभरात कोणत्याही दिवशी झेंडा फडकवण्याचा मार्ग मोकळा झाला. कारखान्यावर झेंडा लावू द्या, म्हणून उद्योगपती नवीन जिंदल यांनी न्यायालयात दाद मागितली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये स्पष्ट सांगितलं, की सन्मानाने राष्ट्रध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. जुलै २०२२ मध्ये घरावरचा झेंडा रात्रीही ठेवायची परवानगी आली. तोपर्यंत तो सूर्यास्ताला उतरवावा लागे.

या शेवटच्या सवलतीने एक गोष्ट हातची गेली, असं मला मनापासून वाटतं. रोज संध्याकाळी उतरवताना झेंडा हातात यायचा. कुठे उसवलाय, कुठे मळलाय, ते आपोआप दिसायचं. आता लोक लावतात आणि विसरतात. झेंडा ठेवायचा असेल तर आठवड्यातून एकदा तरी जवळ जाऊन बघा. जोराच्या पावसावाऱ्याचा अंदाज असेल तर खुशाल आत घ्या.

तुमचा झेंडा आता वापरण्याजोगा राहिलेला नाही. तो कचऱ्यात टाकायचा नाही, त्याचं फडकं करायचं नाही. खासगी जागी, तुकडे न करता, पूर्णपणे नष्ट करायचा. शक्यतो जाळून, किंवा त्याचा मान राहील अशा दुसऱ्या रीतीने. आणि नवा आणलात तर त्याची घडी अशी घाला : झेंडा आडवा धरा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडा. मग दोन्ही बाजूंनी आत दुमडत या. वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याची थोडी पट्टी तेवढी दिसली पाहिजे. ही घडी दोन्ही तळव्यांवर घेऊन कपाटापर्यंत न्यायची. घरातल्या मुलांना हे काम द्या, फार मन लावून करतात.

प्रश्न : सोसायटीच्या हॉलमध्ये जागा कमी असल्याने झेंडा भिंतीवर उभा लावायचा आहे. केशरी पट्टा कोणत्या बाजूला? (गृहनिर्माण संस्थेच्या सचिव, ठाणे)

बघणाऱ्याच्या डावीकडे. व्यासपीठामागे लावत असाल तर वक्त्याच्या डोक्यापेक्षा वर असू द्या. टेबलावर पांघरू नका आणि झेंड्यावर संस्थेचं नाव तर अजिबात नको.

प्रश्न : झेंडा कुणी तयार केला, आणि चरखा जाऊन चक्र का आलं, असं सहावीतली मुलगी विचारते. (एक पालक, नाशिक)

एकाच माणसाचं नाव सांगून हे उत्तर पुरं होत नाही. पिंगली वेंकय्या यांनी १९२१ मध्ये बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, गांधीजींना आपला आराखडा दाखवला. १९३१ मध्ये काँग्रेसने केशरी, पांढरा, हिरवा आणि मधोमध चरखा असा झेंडा स्वीकारला. २२ जुलै १९४७ रोजी संविधान सभेत नेहरूंनी ठराव मांडला, तेव्हा चरख्याच्या जागी सारनाथच्या अशोकस्तंभावरचं चक्र आलं. नेहरूंनी दिलेलं एक कारण अगदी व्यवहारातलं होतं : चरख्याचं चाक एका बाजूला आणि चाती दुसऱ्या बाजूला, त्यामुळे झेंडा मागून बघितला की चित्र उलटं दिसे. चक्र दोन्हीकडून सारखंच.

पण मुलीला एवढ्यावर सोडू नका. झेंडा हातात धरला म्हणून माणसं तुरुंगात गेली, हे तिला कळू द्या. १९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला, जमनालाल बजाज त्यात पकडले गेले. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारला शाळकरी शिरीषकुमार मिरवणुकीत झेंडा घेऊन निघाला आणि पोलिसांच्या गोळीबारात गेला. तो तुमच्या मुलीपेक्षा थोडाच मोठा होता. आणि पुण्याला आलात तर केसरीवाड्यात जरूर जा. क्रांतिकारक मादाम कामांनी १९०७ मध्ये जर्मनीत श्टुटगार्टला फडकवलेला झेंडा तिथे आहे.

प्रश्न : आमच्या शाळेत गेल्या २६ जानेवारीला दोरी ओढूनही झेंडा सुटलाच नाही. आत फुलं घालणं नियमात बसतं का? (एक शिक्षक, परभणी)

बसतं. राष्ट्रीय दिनाला झेंडा उलगडण्यापूर्वी आत पाकळ्या ठेवायला संहितेची हरकत नाही. पण पाकळ्याच. मी क्रीडाशिक्षक होतो तेव्हा हे काम माझ्याकडे असायचं. अख्खी झेंडूची फुलं भरलेली पुरचुंडी जड होते, दोरीचा वेढा आवळतो आणि मग कितीही ओढा. ओल्या पाकळ्या कापडाला चिकटून डाग पाडतात. मूठभर कोरड्या पाकळ्या पुरतात.

पुरचुंडीभोवती दोरीचे दोनच वेढे घ्या. शेवटचा वेढा पक्का बांधू नका. दोरीचं टोक पूर्ण ओढून न घेता फक्त त्याचा फासा आत खोचा, म्हणजे एका हिसक्यात सुटेल. कप्पीला तेल घाला. केशरी पट्टा वरच येणार ना, हे वर चढवण्याआधी दोघांनी वेगवेगळं तपासा, कारण उलटा झेंडा ही अक्षम्य चूक आहे. आदल्या संध्याकाळी एकदा पूर्ण तालीम करा, ज्या पाहुण्यांच्या हातात दोरी द्यायची त्यांनाही किती जोर लावायचा ते आधी सांगून ठेवा.

तरीही अडकलाच, तर गदागदा ओढू नका, कुणाला खांबावर चढवू नका. झेंडा सावकाश खाली घ्या, गाठ सोडवा आणि पुन्हा वर न्या. तोवर मुलं सावधान उभी राहतील. राष्ट्रगीत झेंडा उलगडल्यावरच सुरू करा.