अधिवेशन मार्चमध्ये, घाई आदल्या मे महिन्यात

सुरक्षा अभ्यासाच्या शैक्षणिक संघटना, त्यांची अधिवेशने आणि तिथे निबंध वाचायला जाण्याची तयारी यांविषयी आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : ‘इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशन’चे पत्रक आमच्या विभागात फलकावर लागले आहे. ही संस्था दिल्लीच्या ‘आयडीएसए’सारखीच का? मी आत्ताच सभासद व्हावे का? (एम.ए. द्वितीय वर्ष, संरक्षण व सामरिकशास्त्र, पुणे)

उत्तर : दोन्हींची जातकुळी वेगळी. आयडीएसए, म्हणजे आताची मनोहर पर्रीकर संरक्षण अध्ययन व विश्लेषण संस्था, ही संरक्षण मंत्रालयाच्या निधीवर चालणारी संशोधनसंस्था. ती ११ नोव्हेंबर १९६५ रोजी सुरू झाली तेव्हा संरक्षणमंत्रिपदी यशवंतराव चव्हाण होते. तिथले संशोधक नोकरीत असतात आणि धोरणाला उपयोगी पडेल असे लिहितात. त्याहून जुनी ‘युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन’ (१८७०, सिमला) मुख्यतः सैन्यदलांतल्या अधिकाऱ्यांची.

इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशन (पुढे ‘आयएसए’) ही १९५९ मध्ये स्थापन झालेली प्राध्यापक-संशोधकांची संघटना आहे. कार्यालय अमेरिकेत, कनेटिकट विद्यापीठात. तिच्या पोटात विषयवार विभाग आहेत. आंतरराष्ट्रीय सुरक्षा अभ्यास हा त्यांतला मोठा विभाग, शिवाय शांतता अभ्यास, गुप्तवार्ता अभ्यास, परराष्ट्र धोरण वगैरे. अशाच संघटना इतरत्रही आहेत : ब्रिटनची ‘बिसा’ (ब्रिटिश इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशन) १९७५ची, युरोपची ‘आयसा’ (युरोपियन इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशन) २०१३ची. नावे कानाला सारखी लागतात, अर्ज मात्र तीन वेगवेगळ्या ठिकाणी जातात. घाईत चुकीच्या संघटनेचे शुल्क भरू नका.

सभासदत्व वर्षाचे असते आणि शुल्क उत्पन्नाच्या टप्प्यांनुसार, विद्यार्थ्यांना कमी. हातात निबंध नसेल तर यंदा पैसे घालवू नका. निबंध स्वीकारला गेला की सभासदत्व लागतेच, तेव्हा घ्या.

प्रश्न : अधिवेशनाची बातमी कळते तोवर मुदत संपलेली असते. हे दरवर्षी का होते? (सहायक प्राध्यापक, राज्यशास्त्र, नांदेड)

उत्तर : कारण बातमी अधिवेशनाची छापली जाते आणि मुदत प्रस्तावांची असते. दोन्हींत नऊ-दहा महिन्यांचे अंतर आहे. आयएसएचे वार्षिक अधिवेशन साधारण मार्च-एप्रिलमध्ये भरते (२०२४ सॅन फ्रान्सिस्को, २०२५ शिकागो, २०२६साठी ओहायोतले कोलंबस), पण त्यासाठीचे प्रस्ताव आदल्या वर्षीच्या मे-जूनच्या सुमारास बंद होतात. आपल्याकडे ते दिवस पेपर तपासणीचे आणि सुट्टीचे, म्हणून नेमके हुकते. ‘आयसा’चे मोठे अधिवेशन ऑगस्टअखेर असते (२०२४ लील, २०२५ बोलोन्या), ‘बिसा’चे जूनमध्ये. त्यांचे प्रस्ताव हिवाळ्यात किंवा आधीच मागवले जातात.

तेव्हा वर्षाचे वेळापत्रक उलटे मांडा. मार्चचे अधिवेशन असेल तर एप्रिलअखेर गोषवारा तयार, मेमध्ये दाखल, पावसाळा संपताना निकाल, निकाल आल्याच्या आठवड्यात व्हिसाची हालचाल, शरद ऋतूत नोंदणी, फेब्रुवारीच्या मध्याला पूर्ण निबंध. नोंदणीची मुदत हलक्यात घेऊ नका. स्वीकारलेला निबंधही नोंदणी न झाल्यास कार्यक्रमपत्रिकेतून काढला जातो, आणि मग विनवण्या करून उपयोग नसतो.

प्रश्न : दोनदा प्रस्ताव पाठवला, दोनदा नकार. विषय ‘महाराष्ट्राच्या सागरी सुरक्षेचा अभ्यास’. विषयच चालत नाही का? (पीएच.डी. संशोधक, रत्नागिरी)

उत्तर : विषय उत्तम आहे. तुम्ही प्रश्न विचारलेला नाही, तिथे अडते. गोषवारा दोनशे शब्दांचा असतो. तुमच्या मसुद्यातले पहिले नव्वद शब्द ‘भारताला विशाल सागरी किनारा लाभला आहे’ इथपासून ‘सुरक्षा ही काळाची गरज आहे’ इथपर्यंत गेले आहेत. परीक्षक एका बैठकीत ढीगभर प्रस्ताव वाचतो. पहिल्या दोन वाक्यांत त्याला कोडे दिसले नाही तर पुढचे तो चाळतो.

कोडे तुमच्या दारातच आहे. १९९३ मध्ये स्फोटके रायगड जिल्ह्यातल्या दिघी आणि शेखाडीला उतरली. त्याच वर्षी महाराष्ट्र-गुजरात किनाऱ्यावर ‘ऑपरेशन स्वान’ सुरू झाले. खोल समुद्रात नौदल, त्याच्या आत तटरक्षक दल आणि किनाऱ्यालगत पोलिस-कस्टम्स यांच्यासह संयुक्त गस्त, अशी थरांची रचना होती. तरीही पंधरा वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ रोजी, ‘कुबेर’ हा मासेमारी ट्रॉलर ताब्यात घेऊन दहा जण आले आणि कुलाब्याच्या बधवार पार्कजवळ उतरले. गस्त होती, पूर्वानुभव होता, तरी वाट बंद का झाली नाही? हे तुमचे पहिले वाक्य.

दोनशे शब्द साधारण असे वाटा. कोड्याला ४० शब्द. प्रचलित स्पष्टीकरण काय आणि ते कुठे अपुरे पडते, याला ४०. तुमचे म्हणणे काय, ५० (उदाहरणार्थ, थर वाढले पण दोन थरांमधल्या फटीची जबाबदारी कुणाचीच नव्हती). पुरावा कोणता, ४०. आणि याचा इतर किनाऱ्यांना काय उपयोग, ३०. पुराव्याच्या जागी ‘प्राथमिक व दुय्यम साधने’ असे लिहू नका. २६/११च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या राम प्रधान समितीचा अहवाल, कॅगचे लेखापरीक्षण, २००९ नंतर नौदलाकडे सोपवलेली एकूण जबाबदारी, अमुक इतक्या बंदरांवर मच्छीमार सोसायट्यांच्या मुलाखती, असे नेमके सांगा. मुलाखती झाल्या नसतील तर ‘झाल्या’ म्हणू नका. ‘ऑक्टोबरपर्यंत होतील’ असे लिहिलेले चालते.

एक सूचना बंदरावर फिरणाऱ्यांसाठी. लँडिंग पॉइंटांची नेमकी स्थाने, गस्तीच्या वेळा, अपुरे मनुष्यबळ असलेल्या चौक्यांची नावे निबंधात घालू नका. युक्तिवादाला त्याची गरज नसते आणि नंतर खुलासे देत बसावे लागते.

प्रश्न : ‘सिक्युरिटायझेशन’ हा शब्द घातला की निबंध घेतात असे ऐकले. (सोलापूर)

उत्तर : हे खोटे आहे. उलट ओढूनताणून घातलेला शब्द लगेच ओळखू येतो. ओले वेवर, बॅरी बुझान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘कोपनहेगन संप्रदाया’तली ही कल्पना अशी : एखादा प्रश्न ‘अस्तित्वावरचे संकट’ म्हणून मांडला जातो, श्रोते ते मान्य करतात, आणि नेहमीचे नियम बाजूला ठेवून असाधारण उपाय करायला मोकळीक मिळते. कोण बोलले, कुणी मान्य केले, कोणता नियम बाजूला पडला, या तिन्हींची उत्तरे तुमच्या उदाहरणात मिळत असतील तरच शब्द वापरा. नुसती ‘सुरक्षा वाढवली’ म्हणजे सिक्युरिटायझेशन नव्हे.

प्रश्न : निबंध स्वीकारला गेला आहे. व्हिसासाठी काय काय सांभाळावे? मी अनुदानित महाविद्यालयात आहे. (प्राध्यापिका, कोल्हापूर)

उत्तर : सर्वांत जास्त गाडे इथेच अडते, म्हणून सविस्तर.

आधी नाव. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव, आडनाव अशी तीन पदे. पासपोर्टावर मधले नाव बहुधा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात जाते. निबंध माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, आणि निमंत्रणपत्रावर मधले नावच गायब, असा घोळ सर्रास होतो. संघटनेच्या खात्यात नाव भरतानाच पासपोर्टाप्रमाणे अक्षर न अक्षर भरा, म्हणजे पत्र तसेच येईल. कार्यक्रमपत्रिकेत लेखनाचे नाव वेगळे हवे असेल तर ते नंतर कळवता येते.

अमेरिकेसाठी परिषदेला जाणाऱ्याचा व्हिसा बी-१ प्रकारचा. आपल्याकडे तो बहुधा बी-१/बी-२ असा जोडूनच देतात. डीएस-१६० अर्ज, शुल्क (जून २०२३ पासून १८५ डॉलर), मग मुलाखत. अडचण असते ती मुलाखतीच्या तारखेची. मुंबईतली प्रतीक्षा कधी काही आठवड्यांची, कधी कित्येक महिन्यांची. म्हणून निमंत्रणपत्राची वाट न पाहता, निबंध स्वीकारल्याच्या ई-मेलवरच तारीख घ्या. पत्र मुलाखतीला सोबत असले की पुरे. नकार बहुतेकदा ‘२१४ ब’ कलमाखाली येतो. म्हणजे तुम्ही परत याल याची अधिकाऱ्याला खात्री पटलेली नसते. तेव्हा नोकरीचे प्रमाणपत्र, मंजूर रजा आणि निबंधाचा विषय दोन वाक्यांत सांगण्याची तयारी, हे महत्त्वाचे. चाळीस पानांचा निबंध खिडकीत पुढे करू नका. तुमचा विषय ‘दहशतवाद’ किंवा ‘अण्वस्त्रे’ असेल तर तो लपवूही नका, शांतपणे सांगा. जादा छाननीत वेळ जाऊ शकतो, तेवढी फुरसत आधीच ठेवा.

शेंगेनचे, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामाईक व्हिसाचे, नियम अधिक सरळ. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. शुल्क जून २०२४ पासून ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. ब्रिटनला परिषदेसाठी साधा व्हिजिटर व्हिसा चालतो. कुठेही असो, व्हिसा हाती येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नका.

आता ज्याची कुणी आठवण करून देत नाही ते. प्रवासखर्च किंवा राहण्या-जेवणाची सोय परदेशी संघटना करणार असेल तर ते परकीय योगदान नियमन कायदा २०१० (एफसीआरए) च्या कलम ६ खाली ‘परदेशी आदरातिथ्य’ ठरू शकते. सरकारी नोकर आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालच्या संस्थांचे कर्मचारी यांना त्यासाठी केंद्रीय गृहमंत्रालयाची पूर्वपरवानगी लागते. अर्ज एफसी-२, ऑनलाइन, सोबत निमंत्रण आणि आपल्या खात्याची मंजुरी. निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी तो पोचायला हवा. अनुदानित महाविद्यालय या व्याख्येत बसते का, हे संस्थेच्या कार्यालयाकडून लेखी घ्या. तोंडी ‘काही लागत नाही, मॅडम’ यावर विसंबू नका. स्वतःच्या किंवा भारतीय संस्थेच्या पैशाने जात असाल तर हा अर्ज लागत नाही, रजेची आणि परदेशप्रवासाची परवानगी मात्र लागेल.

प्रश्न : पैसे कुठून उभे करावेत? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आयएसएचे प्रवास-अनुदान असते, पण अर्ज वेगळा करावा लागतो आणि त्यात पूर्ण खर्च भागत नाही. देशात आयसीएसएसआरकडे (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद) परदेशी परिषदांसाठी साहाय्याची योजना आहे. विद्यापीठाचा निधी तिसरा. तिन्हींकडे एकाच वेळी अर्ज करा आणि प्रत्येकात इतर दोन अर्जांचा उल्लेख करा, लपवाछपवी अंगलट येते. नोंदणीचे पैसे कार्डाने जात नाहीत अशी तक्रार अनेकांची आहे. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते सुरू करा. शेवटच्या रात्री हे कळले तर मुदत जाते.

प्रश्न : सत्रात किती वेळ मिळतो? भाषण लिहून नेऊ का? (गोवा)

उत्तर : आयएसएचे सत्र पावणेदोन तासांचे. त्यात चार-पाच निबंध, एक अध्यक्ष, एक डिस्कसंट (निबंधांवर भाष्य करणारा) आणि प्रश्नोत्तरे. म्हणजे तुमच्या वाट्याला दहा-बारा मिनिटे. मिनिटाला १२५ शब्द धरले तर बारा मिनिटांत दीड हजार शब्द होतात. आठ हजारांचा निबंध ‘भरभर’ वाचून बसत नाही. तेराशे शब्दांचे वेगळे टिपण करा. स्लाइड सहा पुरतात : प्रश्न, नकाशा, युक्तिवाद, पुराव्याच्या दोन, निष्कर्ष. सिद्धान्ताच्या आढाव्यात पाच मिनिटे गेली की पुराव्याला वेळ उरत नाही, आणि ऐकणाऱ्याला कोकणचा पुरावाच नवा असतो.

पूर्ण निबंध डिस्कसंटला दोन-तीन आठवडे आधी पाठवा. विमानात बसताना पाठवलेल्या निबंधावर ‘रोचक विषय आहे’ यापलीकडे काही ऐकायला मिळत नाही.

प्रश्न : ‘जागतिक सुरक्षा परिषदे’चे ई-मेल आले. दोन दिवसांत निबंध स्वीकारला, बँकॉकला बोलावले आहे. जावे का? (जळगाव)

उत्तर : जाऊ नका. दोन दिवसांत कुणी वाचत नाही. त्याच ई-मेलमध्ये त्याच तारखांना दंतवैद्यक, व्यवस्थापन आणि स्थापत्य अभियांत्रिकीही असेल, पाहा. खऱ्या संघटनेच्या मागच्या वर्षांच्या पूर्ण कार्यक्रमपत्रिका उघड असतात. त्यातल्या एखाद्या सत्रातल्या चार जणांची नावे त्यांच्या विद्यापीठांच्या पानांवर शोधून पाहा. पंधरा मिनिटांचे काम आहे. पैसे भरले असतील तर बँकेकडे आजच तक्रार नोंदवा; दिवस जातील तसे परत मिळण्याची शक्यता कमी होते.