गोधड्यांसाठी दुसरा नंबर घे, विमानात बसायच्या आधीच

तू विचारलंस ते थोडक्यात असं: मार्चमध्ये नवऱ्याबरोबर न्यूरेंबर्गला यायचंय, कराडला चार वर्षं चालवलेलं गोधड्यांचं काम मोडायचं नाही, आणि सध्या एकाच इन्स्टाग्रामवर, एकाच व्हॉट्सॲपवर आत्या, मैत्रिणी, गिऱ्हाईकं सगळी एकत्र नांदतात. तिकडे गेल्यावर वेगळी करावीत, की परमुलखात ओळखीचाच आधार म्हणून तशीच राहू द्यावीत? मला ताई म्हणालीस, म्हणून मीही तू म्हणते. मी तुझ्या शेजारच्याच गावात, एर्लांगेनला, २०१८ पासून राहते आणि गोधड्याच शिवते. तुझा प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस दुसरं काही सुचलेलं नाही, त्यामुळे हे लांबणार.

व्हिसा, विमा, भाड्याचं घर यातलं काही लिहीत नाही, ते सगळं सरकारी पानांवर नीट आहे. तुझ्या इथल्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर काम करायची मुभा लिहिलेली असेल, त्यात स्वतःचा धंदाही येतो. तेवढं वाचून घे.

त्या पानांवर न कळणारी गोष्ट म्हणजे, इथे विकायला लागलं की तुझा पत्ता जगजाहीर होतो. धंद्याच्या पानावर, मग ते साधं इन्स्टाग्रामचं का असेना, ‘इम्प्रेसुम’ द्यावं लागतं: पूर्ण नाव, टपाल खरोखर पोचेल असा पत्ता, ईमेल. नुसती टपालपेटी चालत नाही. घरून काम करणाऱ्या बाईचा पत्ता म्हणजे घराचाच. मी माझं जुनंच खातं वापरत होते. त्यावर लेकीचे वाढदिवस, गौरीची आरास, आणि त्याच्याच खाली आमच्या जिन्याचा नंबर. एका रविवारी आम्ही जेवायला बसलो असताना बेल वाजली. अनोळखी जोडपं, गोधड्या बघायला आलेलं. माणसं चांगली होती, दोन घेऊनही गेली. पण निघताना त्या बाईंनी माझ्या मुलीला नावाने हाक मारली. फोटोंवर वाचलं होतं त्यांनी. त्या रात्री मी एकेक करून सगळे फोटो काढले, आणि काढताना रडले, कारण साताऱ्याला आई ते फोटो रोज बघायची.

म्हणून खाती दोन हवीत, आणि ती इथे आल्यावर नाही, आत्ताच. घरचं खातं खासगी कर, माणसं मोजून ठेव. गोधड्यांच्या खात्यावर फक्त गोधडी आणि हात. चेहरा, मूल, स्वयंपाकघर नको.

कागदपत्रांबद्दल एवढंच सांगते की धीर धर. धंद्याची नोंदणी, ‘गेवेर्बे’, नगरपालिकेत अर्ध्या तासात झाली. मग आयकर खात्याचा तो लांबलचक फॉर्म एल्स्टर नावाच्या पोर्टलवर भरायचा, ते खातं चालू करायचा कोड अर्धा ईमेलने येतो आणि अर्धा टपालाने. महिन्याला तीन खोकी पाठवलीस तरी खोक्यांच्या पुठ्ठ्यासाठी ‘लुसिड’ या नोंदवहीत नाव घालावं लागतं. पण मला सगळ्यात छळलं ते कापडाच्या लेबलने. विकायच्या कापडी वस्तूवर धागा कशाचा हे लिहायचं असतं. आता कुणा मावशीच्या ट्रंकेतलं लुगडं निव्वळ सुती आहे की त्यात टेरिकॉट मिसळलाय, हे मी लिहून कसं देणार? मग मी काठाजवळचा एक दोरा काढून मेणबत्तीवर धरायची. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख, म्हणजे सुती. आकसून काळा कडक मणी झाला, तर भेसळ. भेसळीची लुगडी बाजूला. नोंदणीच्या वेळी खिडकीतल्या माणसाने ‘तुम्ही नेमकं काय बनवता’ विचारलं, तेव्हा गोधडीला जर्मन शब्द सापडेना. रजईला जो शब्द आहे तो मी लिहिला आणि आजीशी खोटं बोलल्यासारखं वाटलं. अजून वाटतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

इथे माझी एक मैत्रीण होती. गणपतीत ओळख झाली, मुली एकाच वर्गात, रोज शाळेच्या फाटकाशी भेट. माझी पहिली गोधडी तिनेच घेतली, पुढची पाच तिच्या शब्दावर गेली. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये ती एक पिशवी घेऊन आली. तिची आई त्या उन्हाळ्यात गेली होती, तिची चार नऊवारी लुगडी. एक हिरवं इरकली, पदराला हळदीचा बोटभर डाग. म्हणाली, यांची एक शिव, मोठी, दोघी मायलेकी झोपू अशी. रात्री तिने व्हॉट्सॲपवर लिहिलं: ‘हिरवं धुऊ नकोस गं, आईचा वास आहे त्याला.’

तो निरोप मी वाचला होता. अंगठा उमटवला होता. पण दिवाळीची गडबड, एकाच नंबरवर सत्तर निरोप: कुणाला पिवळा काठ हवा, कुणाला फराळाचा डबा परत हवा, कुणी शाळेच्या सहलीचं विचारतंय, नणंद भाऊबिजेचं विचारतेय. माझ्या ऑर्डरच्या वहीत तिच्या नावापुढे फक्त लांबी, रुंदी, चार लुगडी. आणि माझी शिस्त अशी की आलेलं कापड आधी कोमट पाण्यातून काढायचं, खळ गेली नाही तर सुई अडते. चारही धुतली. दोरीवर वाळत टाकताना हिरव्याचा डाग फिकट झालेला दिसला आणि माझे पाय लटपटले.

मी तिला सांगितलं. लपवलं नाही. ती काही बोलली नाही, ‘असू दे, शिव’ म्हणाली. तीन आठवडे रोज रात्री बसून मी धावदोरा घातला, इतके बारीक टाके मी पूर्वी कधी घातले नव्हते. पैसे घेणार नव्हते. ती गोधडी घेऊन गेली आणि तासाभरात पेपॅलवर २४० युरो आले, पूर्ण. तिथे पैसे पाठवताना विचारतात बघ, मित्र-कुटुंबीयांना पाठवताय की वस्तू-सेवेचे देताय. आधीच्या वेळी ती नेहमी पहिलं निवडायची, मीच तिला म्हणायची, अगं विक्रीला ते चालत नाही, नियमात बसत नाही. या वेळी तिने दुसरं निवडलं होतं. बरोबरच होतं ते. पण फोन हातात धरून मी किती वेळ ओट्याशी उभी होते, कुणास ठाऊक.

त्यानंतर मला तिच्या समोर जाववेना. वर्गातल्या आपल्याकडच्या आयांचा एक गट होता, त्यातही ती होती, म्हणून मी तो गट म्यूट केला. आणि याची किंमत मी नाही, माझ्या मुलीने भरली. तुझा मुलगा पहिलीत आहे म्हणालीस, म्हणून हे नीट वाच. बव्हेरियात, म्हणजे आपल्या इथल्या राज्यात, चौथीतच पोरांची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास, तीन विषयांची सरासरी २.३३ पर्यंत असेल तर थेट गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा, २.६६ पर्यंत असेल तर रेआलशूले, म्हणजे दहावीपर्यंतची शाळा. इथे १ म्हणजे सर्वांत चांगला. निकाल मेच्या सुरुवातीला हातात येतो, पण हिशोब वर्षाच्या पहिल्या चाचणीपासून चालू असतो. त्या गटात हे सगळं सप्टेंबरपासून चाललं होतं: कुठल्या चाचणीत काय येतं, कोण शिकवतं, बाईंना कधी भेटायचं. मला फेब्रुवारीत कळलं. माझ्या मुलीला जर्मनमध्ये ३, गणितात २, परिसर अभ्यासात ३. बेरीज आठ. गिम्नाझियमला सात हवी होती. एका विषयात एक अंक. परिसर अभ्यासाच्या ज्या चाचणीत ती घसरली, त्या आठवड्यात मी गोधड्यांची खोकी बांधत होते. प्रवेशासाठीच्या तीन दिवसांच्या चाचणी-तासांना बसायला ती तयार झाली नाही, मी जोर केला नाही. आता ती सातवीत आहे, मजेत आहे, दहावीनंतर पुढच्या वाटा उघड्या आहेत, सगळे मला हेच सांगतात. मला ते पटतं, आणि रात्री पटत नाही.

तर ताई म्हणून सांगते. निघायच्या आधीच दुसरं सिम घे आणि त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. मैत्रिणीने गोधडी मागितली की म्हण, ‘हो, पण त्या नंबरवर टाक’, आणि तिचं प्रत्येक वाक्य त्याच दिवशी वहीत उतरव, ‘धुऊ नको’सकट. तिला वाईट वाटेल असं वाटतं, वाटत नाही. भाव सगळ्यांना एकच ठेव. एखादीला द्यावंसं वाटलं तर गोधडी भेट दे, अर्ध्या किमतीत देऊ नकोस. अर्ध्या किमतीने दोघींनाही कळेनासं होतं की आपण कोण आहोत. घरच्या नंबरच्या स्टेटसवर माल टाकू नकोस. आणि मुलाच्या शाळेचा गट कधीही, कशासाठीही म्यूट करू नकोस.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, नवरा कामावरून थकून आलेला. त्या दिवसांत गिऱ्हाईकाचा निरोप आला की मला मैत्रिणीचा आल्यासारखं व्हायचं. मी मुद्दाम लांबण लावायची, काठाचे आणखी फोटो हवेत का, मुलं कशी आहेत. एका जानेवारीत ऑर्डरी थांबल्या आणि तीन आठवडे फोन वाजला नाही. तेव्हा मला कळलं की दोन्हींची सरमिसळ मीच हट्टाने केली होती, कारण वेगळं केलं तर एका बाजूला किती कमी माणसं उरतील याची मला भीती होती. तुझ्या प्रश्नात ‘ओळखीचाच आधार’ हे शब्द वाचले आणि ती भीती ओळखीची वाटली. तुला कराडच्या आत्या आहेत, त्यांना रोज फोन कर, गोधडीचा विषय न काढता.

त्या हिरव्या लुगड्याचा हातभर तुकडा उरला होता, पदराकडचा, डागाच्या कडेचा. शिवणात बसत नव्हता म्हणून बाजूला ठेवला आणि तेव्हा द्यायचा राहिला. माझ्या कपाटात आहे, घडी मोडलेली नाही. ती गेल्या वर्षी स्टुटगार्टला राहायला गेली. तिच्या नणंदेने एक गोधडी मागवली होती, खोकं तिच्याच घरी पाठवलं, म्हणून नवा पत्ता माझ्याकडे आहे. ग्राहकांच्या वहीत.