मोहिमेचा कोट घेण्याआधी

भाऊ, ब्रँडचं नाव नंतर पाहा, आधी कापड उजेडात धर. गॅबर्डीन असेल तर तिरप्या बारीक रेघा दिसतात. वीण इतकी घट्ट की पाण्याचा थेंब वरूनच घरंगळतो. थॉमस बर्बेरीनं ते १८७९ मध्ये काढलं, ध्रुवावर जाणाऱ्या शॅकल्टनच्या अंटार्क्टिका मोहिमांत तेच होतं.

मेण लावलेल्या सुती कापडाचं जॅकेट दिसतं झकास, पण आपल्याकडे पारा ४५ वर गेला की मेण चिकट होतं अन् ताडोब्यातली सारी धूळ त्यावर बसते. उन्हाळ्यात घडी करून पेटीत ठेवू नको, सावलीत टांग. मशीनमध्ये धुतलंस तर मेण गेलंच समज. थंड पाण्याचा ओला फडका पुरे.

चिखलदऱ्याच्या पहाटेला आत लोकरीचा स्वेटर, वर गॅबर्डीन. बस! ध्रुवावरचा फरवाला पार्का, म्हणजे टोपीचा जाडजूड कोट, घेऊन करशील काय बाप्पा? नऊ वाजता घामाघूम. चेन वरून-खालून दोन्हीकडून उघडणारी पाहा, नाहीतर सफारीच्या जिप्सीत बसलं की कोट पोटाशी गोळा होतो. हातमोजे घालून खिशातून दुर्बीण निघते का, तेही दुकानातच करून पाहा. अन् कापसाचे पैसे हातात पडल्यावरच घे, उधारीवर नको.