फळ्यावरच्या नावापायी खांदा

प्रश्न : ताई, माझं वय ४१. राहते घणसोलीला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात, म्हणजे दिवसभर खुर्चीत. पाच महिन्यांपूर्वी सोसायटीतल्या मैत्रिणींच्या नादाने फंक्शनल ट्रेनिंगचा क्लास लावला. बारबेल, बॉक्स जंप, पुल-अप, सगळं घड्याळ लावून. वजन उतरलं, झोप छान लागते. पण पुल-अप सुरू झाल्यापासून उजवा खांदा दुखतो. वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ येते, त्या कुशीवर झोपता येत नाही. कोच म्हणतात, 'होईल सवय.' नवरा म्हणतो, 'हे धंदे सोड, योगा कर.' सासूबाई रोज रात्री तेल चोळून देतात. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, घणसोली

उत्तर : तिघांत सासूबाई सगळ्यात निरुपद्रवी. तेल चालू ठेवा.

तुमच्या यजमानांची भीती अगदीच निराधार नाही. २०१४मध्ये क्रॉसफिट (तुमच्या क्लाससारखाच, घड्याळ लावून करायचा व्यायामप्रकार) करणाऱ्या ३८६ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या साधारण पाचांत एकाला आधीच्या सहा महिन्यांत काही ना काही दुखापत झालेली होती. खांदा, कंबर आणि गुडघा यांचा नंबर वरचा. पण व्यायामाच्या तासांशी ताळा घातला की चित्र बदलतं. बहुतेक अभ्यासांत हजार तासांमागे तीनच्या आसपास किंवा त्याहून कमी दुखापती निघतात. नव्याने पळायला लागलेल्यांचा हाच आकडा २०१५च्या एका आढाव्यात १७.८ आला होता. पाम बीच रोडला पहाटे पळणाऱ्यांना मात्र कोणी 'हे धंदे सोडा' म्हणत नाही. 'सोळा टक्के लोक दुखापतीने गळतात' असा मेसेज कोणी पाठवलाच, तर त्याला सांगा, की ज्या २०१३च्या शोधनिबंधातून तो आकडा पसरला, त्यातल्या दुखापतींच्या माहितीवर २०१५मध्ये दुरुस्ती छापावी लागली आणि २०१७मध्ये तो निबंधच मागे घेतला गेला.

आता कोच. 'होईल सवय' हे उत्तर मला मुळीच पटलेलं नाही. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, टेंडनला, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला, त्याहून बराच जास्त वेळ लागतो. पाच महिन्यांत तुमच्या दंडात जोर आला, खांद्याच्या आतली टेंडन्स अजून मागेच आहेत. त्यात तुम्ही पुल-अप कोणते करता ते लिहिलं नाहीत. पण घड्याळ लावलेल्या क्लासात बहुधा किपिंगच असणार, कमरेने झोका घेऊन हनुवटी बारच्या वर न्यायची. वर जाताना मजा येते. खाली येताना अख्ख्या शरीराचं वजन वेगाने खांद्यावर लटकतं. झोका न घेता, सावकाश, सलग चार-पाच पुल-अप येत नसतील तर किपिंगच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. क्लासवाले यावर नाराज होतात, होऊ देत.

आणि ते घड्याळ. २१-१५-९ असा एक प्रसिद्ध वर्कआउट आहे, 'फ्रॅन' नावाचा : थ्रस्टर (बारबेल घेऊन उठबस करून तो डोक्यावर ढकलणं) आणि पुल-अप, आधी प्रत्येकी २१, मग १५, मग ९. पहिल्या एकवीसांत बहुतेकांची ढब बरी असते. शेवटच्या नवांत पाठ वाकते, कोपरं सुटतात, पण क्लासातल्या फळ्यावर शेजारणीची वेळ आपल्यापेक्षा चार सेकंदांनी कमी लिहिलेली दिसते ना! पाचपाखाडीत माझ्याकडे दुखणं घेऊन येणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, 'मॅडम, शेवटचे चार-पाचच राहिले होते.' त्याच २०१४च्या पाहणीत असंही दिसलं, की जिथे प्रशिक्षकाचं लक्ष जास्त, तिथे दुखापती कमी. तेव्हा कोचना सरळ विचारा : माझ्यासाठी व्यायाम बदलून देता का? ते 'हो' म्हणून रिंग रो (पाय जमिनीवर ठेवून, टांगलेल्या कड्या धरून अंग ओढणं) किंवा आधाराचा रबरी बँड हातात देतील तर क्लास चांगला. हसण्यावारी नेतील तर क्लास बदला.

एक तपासणी घरीच करून बघा. कोपर कुशीला टेकवून काटकोनात ठेवा आणि यजमानांना तुमचा पंजा हळूच बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. डाव्या हाताइतका उजवा फिरत नसेल, मागे ब्राचा हुक लावणंही जड जात असेल, तर हा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असू शकतो. चाळिशीनंतर बायकांमध्ये तो पुष्कळ दिसतो, मधुमेह असेल तर जास्तच, आणि त्यात क्लासचा दोष असेलच असं नाही. मग साखर तपासा आणि ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

हात नीट फिरत असेल तर सध्या किपिंग आणि डोक्यावर वजन नेणं बंद. स्क्वॉट, सायकल, खालून ओढायचे व्यायाम चालू. दुखणं दहात तीनपर्यंत आणि दुसऱ्या सकाळपर्यंत शमणारं, एवढं चालेल. तीन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, तर प्रत्यक्ष दाखवा. एमआरआयची घाई नको.

प्रश्न : माझा मुलगा (२२) परीक्षेनंतर घरी आला आणि कित्येक महिन्यांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी, भर एप्रिलात, पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये शंभर पुल-अप, दोनशे पुश-अप, तीनशे स्क्वॉट करून आला. दुसऱ्या दिवशी हात सरळ होईनात, तिसऱ्या दिवशी लघवी कोऱ्या चहासारखी. रॅब्डो म्हणून चार दिवस सलाइनवर होता. आता पुन्हा जातो म्हणतो.
— एक वडील, नेरूळ

उत्तर : तुम्ही त्याला वेळेवर नेलंत, हे महत्त्वाचं. रॅब्डो म्हणजे रॅब्डोमायोलिसिस : अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करतं. हात सुजून आखडणं आणि गडद लघवी एकत्र दिसली तर लिंबूपाणी देत बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं.

त्याने केला तो 'मर्फ' नावाचा क्रॉसफिट वर्कआउट. अफगाणिस्तानात २००५मध्ये मारल्या गेलेल्या एका अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या नावाचा. आधी-नंतर एकेक मैल पळणंही त्यात असतं. २०१५च्या क्रॉसफिट गेम्समध्ये कॅलिफोर्नियाच्या उन्हात हा करताना जगातल्या अव्वल खेळाडूंनाही उष्णतेचा त्रास झाला होता. आपल्याकडे खाडीकाठच्या दमटपणात तर घाम वाळतच नाही, मग अंग थंड कसं होणार?

रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) आणि लघवी दोन्ही नॉर्मल आल्यावर, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच सुरुवात. आधी नुसतं चालणं, मग हलके व्यायाम, काही आठवडे घड्याळाशिवाय. पुन्हा थोड्याशा व्यायामानेच असं झालं, तर स्नायूंचा आनुवंशिक आजार आहे का, हे तपासावं लागेल. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हेही सांगा, की त्या दोन दिवसांत त्याने अंगदुखीची गोळी घेतली होती का. त्यांतल्या बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडांना जड जातात.