तक्रार बंद करण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हे आधी ठरवा

नगरपालिकेने ऑनलाइन सेवांसाठी ॲप करावे की संकेतस्थळ, आणि त्यात नागरिकांचा सहभाग कसा वाढवावा, असे आपण विचारले आहे. संकेतस्थळ करा, वर्षातून दोनदा लागणाऱ्या सेवेसाठी कोणी ॲप मोबाइलमध्ये ठेवत नाही. सहभागाविषयी मात्र सविस्तर लिहितो, कारण त्याच मुद्द्यावर मी एकदा भर बैठकीत हरलो आहे.

एका पालिकेच्या ऑनलाइन तक्रार प्रणालीचे काम मी पाहत असे. निराकरणाचे मासिक प्रमाण इतके उत्तम येई की तो आकडा भाषणांत वापरला जाई. एके दिवशी एका वयस्कर गृहस्थांनी खिडकीच्या काचेखालून एक छापील कागद पुढे सरकवला. बंद पथदिव्याची एकच तक्रार त्यावर तीनदा नोंदलेली होती आणि तिन्ही नोंदींपुढे ‘निराकरण झाले’ असा शेरा होता. दिवा अर्थातच बंद होता. तपासल्यावर कळले की तो खांब दुसऱ्या विभागाच्या अखत्यारीत होता आणि प्रणालीत तक्रार वर्ग करण्याची सोयच नसल्याने कनिष्ठ अभियंता हाताशी असलेले एकमेव बटण दाबून मोकळा होत होता. त्याला तरी काय बोलणार? मुदत उलटली की लाल शेरा त्याच्याच नावापुढे उमटत होता.

मी दोन दुरुस्त्या सुचवल्या: तक्रार वर्ग करण्याची सोय द्यावी आणि ती बंद करण्याचा अधिकार तक्रारदाराकडे असावा. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर साहेब म्हणाले, “लोकांचे समाधान कधीच होत नसते; आपले प्रमाण कोसळेल.” ते कोसळायलाच हवे होते, असे माझे आजही मत आहे. ब्रिटनमध्ये २००७ साली सुरू झालेल्या ‘फिक्समायस्ट्रीट’ या नागरी तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार सर्वांना दिसते आणि चार आठवड्यांनी काम झाले का, हे तक्रारदारालाच विचारले जाते, तेव्हा ही कल्पना अव्यवहार्य होती असे मला कोणी सांगू नये.

सूचना मागवणारे व्यासपीठ उभारणार असाल, तर आलेल्या सूचनेचे पुढे काय होणार हे आधी जाहीर करा. माद्रिदने २०१५ साली असे व्यासपीठ सुरू केले; प्रस्ताव मतदानाला जाण्यासाठी १६ वर्षांवरील रहिवाशांपैकी १ टक्का लोकांचा पाठिंबा लागे. प्रस्ताव हजारोंनी आले, पण ती अट अगदी मोजक्यांनीच पूर्ण केली. लिहून काही होत नाही असा अनुभव आलेला माणूस दुसऱ्यांदा लिहीत नाही, मग जाहिरात कितीही करा.

अर्थात, दूरध्वनी आणि खिडकी बंद करू नका. सगळ्यांना ऑनलाइन जमत नाही. शिवाय काम झाल्यावर उत्तर द्यायचे विसरणारे तक्रारदारही पुष्कळ असतात, त्यामुळे विचारणा करून सात दिवस वाट पाहावी आणि मग तक्रार आपोआप बंद करावी, एवढी सवलत मी आज देईन. त्या बैठकीत ती दिली असती, तर कदाचित माझी दुसरी दुरुस्तीही मान्य झाली असती.