घरी बेस गिटारचा सराव आणि रेकॉर्डिंग करायचं आहे, 100 वॉटचा अ‍ॅम्प घेऊ का?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारले आहेत. वर्षभर बेस वाजवताय, तर आता 100 वॉटचा अ‍ॅम्प घ्यावा का? त्याच्यासमोर माइक ठेवून घरी रेकॉर्डिंग होईल का? आणि आत्ता जे रेकॉर्ड करताय त्यात फोनवर बेस ऐकूच का येत नाही? पहिल्या दोन्हींना माझं उत्तर ‘सध्या नको’ असं आहे. का नको, ते माझ्याच एका फजितीवरून सांगतो.

मी 14 वर्षं बेस वाजवतोय. पोटापाण्याचं काम वेगळं आहे, हा रात्री जेवणानंतरचा उद्योग. माझा पहिला ‘खरा’ अ‍ॅम्प 300 वॉटचा होता, सोबत दहा इंची चार स्पीकरचं कॅबिनेट. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळलं की व्हॉल्यूमचं बटण एकच्या पुढे नेण्याची सोय नाही. पण तेही चाललं असतं. खरी गंमत अशी, की एची मोकळी तार छेडली की कपाटावरची रिकामी सूटकेस गुणगुणायला लागायची, खिडकीची काच थरथरायची. त्याच तारेवर दुसऱ्या फ्रेटवरचा बी वाजवला की आवाज एकदम बसलेला. मी बेसलाच दोष दिला. पिकअपची (तारांची थरथर पकडणाऱ्या चुंबकांची) उंची खालीवर करून पाहिली, तारा बदलल्या, ब्रिजचे स्क्रू पिळले. मग एकदा वाजवता वाजवता केबल ओढत खोलीच्या मधोमध आलो, आणि तो घुमणारा ए चक्क नाहीसा झाला! दोन पावलं मागे, भिंतीकडे गेलो तर पुन्हा हजर.

टेप लावून मोजलं. भिंत ते भिंत दहा फूट. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. ज्या सुराची अर्धी तरंगलांबी दोन भिंतींमधल्या अंतराएवढी भरते, तो सूर त्या खोलीत अडकतो आणि घुमतो. दहा फुटांसाठी तो आकडा येतो 56 हर्ट्झच्या आसपास. बेसची मोकळी ए तार आहे 55 हर्ट्झ. म्हणजे ती खोली जणू माझ्या ए तारेशी सुरात मिळवून बांधलेली होती. असा सूर भिंतींपाशी फुगतो आणि मधोमध मरतो. माझ्या बेसचा काडीचाही दोष नव्हता.

गिटारवाल्यांना हा त्रास एवढा होत नाही, कारण त्यांचे सूर वरचे. आपली मोकळी ई तार 41 हर्ट्झची, तिची तरंगलांबी आठ मीटरहून जास्त. एवढी लांब लाट राहत्या खोलीत नीट मावतच नाही. आणि भिंतीला दोन इंचांचे स्पंज चिकटवून काही होईल असं कुणी सांगत असेल तर पैसे वाचवा. तो पातळ फोम वरचे सूर खातो, खर्जाला त्याची खबरही लागत नाही. म्हणजे खोली आणखी बद्द होते आणि घुमणं जागच्या जागी.

त्यात आपला कानही बदमाश. आवाज हळू असला की त्याला खर्ज फार कमी ऐकू येतो. म्हणून घरी हळू वाजवताना प्रत्येक जण बेसचं बटण उजवीकडे फिरवतो. ते जास्तीचं खर्ज मग भिंतीतून आणि फरशीतून निघून शेजारी पोचतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंना मी काय वाजवतो ते कधीच कळलं नाही. त्यांच्यापर्यंत फक्त धडधड पोचायची. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा काळजीने म्हणाल्या, “तुमची वॉशिंग मशीन बघून घ्या हो, फार हलते.”

तर घरच्या सरावाला चांगले वायरचे हेडफोन आणि एक साधा ऑडिओ इंटरफेस (बेसचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा छोटा डबा), एवढंच घ्या. हेडफोनला खोली नसते. प्रत्येक फ्रेटवरचा सूर जसा आहे तसा ऐकू येतो, आणि आपण किती गचाळ वाजवतो तेही. ब्लूटूथचे हेडफोन मात्र नकोत. तार छेडल्यावर आवाज इतका उशिरा कानात येतो की तालाचं वाटोळं होतं.

बेसची केबल थेट इंटरफेसमध्ये लावणं म्हणजे काहीतरी दुय्यम, अ‍ॅम्प परवडत नाही म्हणून केलेली तडजोड, असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या 1960 च्या दशकातल्या गाण्यांवर ज्यांचा बेस आहे ते जेम्स जेमरसन आठवा. तो आवाज बहुतेक वेळा थेट कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरमध्ये, घेतलेला आहे, अ‍ॅम्पसमोर माइक ठेवून नव्हे. फेंडरची एक प्रिसिजन बेस, जाडजूड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत वेटोळ्याच्या) तारा ज्या ते सहसा बदलायचेच नाहीत, आणि उजव्या हाताची एक तर्जनी. बस्स. जगभरचे बेसवाले आजही त्या आवाजाच्या मागे आहेत.

इंटरफेस लावताना एक चूक टाळा, ती मी सहा महिने केली. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या, बेसला असं इनपुट लागतं ज्याचा रोध खूप जास्त असतो, साधारण 1 मेगाओहम. इंटरफेसवर त्याला ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असं बटण असतं. मी माझी बेस एका छोट्या मिक्सरच्या लाइन इनपुटला लावत होतो, जिथे रोध काही हजार ओहमच असतो. त्यामुळे पिकअपवर भार पडतो आणि वरचे सूर गळून जातात. आवाज असा यायचा की कुणी बेसवर गोधडी टाकली आहे. त्या सहा महिन्यांत मी दोनदा नव्या तारा घातल्या! मित्राने येऊन बटण दाबलं, आणि गोधडी निघाली. इंटरफेसला असं इनपुट नसेल तर मध्ये डीआय बॉक्स लावा, तो हेच काम करतो.

दुसरी तक्रार सगळ्यांची असते, लेटन्सीची, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज कानात येईपर्यंतच्या उशिराची. सॉफ्टवेअरमधला बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) 128 सॅम्पल ठेवला आणि रेकॉर्डिंग 48 किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 48 हजार सॅम्पलवर, असलं, तर एका बफरचा उशीर होतो सुमारे 2.7 मिलिसेकंद. एवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम एक मीटर जातो. येण्याचा आणि जाण्याचा मिळून उशीर याच्या दुपटीहून जास्त भरतो, पण तरी तो अ‍ॅम्पपासून दोन-चार पावलं लांब उभं राहण्याइतकाच. लॅपटॉप जुना असेल आणि आवाज तुटत असेल तर बफर वाढवा आणि इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा. मग तुमचा आवाज लॅपटॉपला वळसा न घालता सरळ कानात येतो.

गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, ठेवताना सगळ्यात जोरात वाजवून पाहा आणि शिखर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या मध्ये राहील असं बघा. 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर आवाज थोडा कमी आला म्हणून काही बिघडत नाही. लाल दिवा लागला तर मात्र तो भाग पुन्हा वाजवायचा, त्याला दुसरा उपाय नाही. सॉफ्टवेअर कुठलं, यावर लोक भांडत बसतात. रीपर घ्या, गॅरेजबँड घ्या, नुसतं ऑडॅसिटी चालेल. अ‍ॅम्पचा रंग हवा असेल तर न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर हे फुकट आहे आणि चांगलं आहे. रेकॉर्डिंग कोरंच करा, अ‍ॅम्प मागाहून चढवा. आज आवडलेला आवाज उद्या सकाळी नकोसा वाटतो, असा माझा तरी अनुभव आहे.

आता तुमचा तिसरा प्रश्न, फोनचा. फोनचा इवलासा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच देत नाही. तुमचे 41 आणि 55 हर्ट्झ तिथे पोचणारच नाहीत, कितीही वाढवा. वाढवलंत तर उलट बाकीचं गाणं चिरडेल. पण मेंदू मदतीला येतो. एखाद्या सुराच्या वरच्या पटी, म्हणजे 41 च्या 82, 123, 164 वगैरे आणि त्याही वरच्या, ऐकू आल्या की मूळ सूर नसतानाही तो आहे असं मेंदू धरून चालतो. म्हणून उपाय खालचं वाढवणं नाही, वरच्या पटी तयार करणं हा आहे. मी असं करतो: कोऱ्या ट्रॅकची एक प्रत काढतो. मूळ ट्रॅक स्वच्छ ठेवतो, त्यातलं 30 हर्ट्झच्या खालचं कापतो आणि कंप्रेसर (जोरातले सूर दाबून आवाज एकसारखा करणारा) 4:1 वर लावतो. प्रतीतलं खालचं सगळं काढून टाकतो आणि तिच्यावर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडून वरच्या पटी काढणारा इफेक्ट, चढवतो. नुसती ऐकली तर ती प्रत भयानक वाटते, डबड्यात माशी अडकल्यासारखी. पण मूळ ट्रॅकच्या खाली हळूच सरकवली की फोनवर बेसची ओळ एकदम उभी राहते, आणि मोठ्या स्पीकरवर ती माशी कुणाला सापडतही नाही. याशिवाय 700 ते 1000 हर्ट्झमध्ये किंचित उचल आणि 200-300 मधला चिखल किंचित कमी. किंचित म्हणजे दोन-तीन डेसिबल, दहा नव्हे.

हे सगळं करण्याआधी मात्र बेस स्वतः नीट लावलेली हवी. पहिला फ्रेट आणि मान जिथे धडाला जोडली आहे तिथला फ्रेट, असे दोन्ही दाबून धरा आणि मधल्या सात-आठव्या फ्रेटवर तार किती उचललेली आहे ते पाहा. एखादं जाडसर व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट पुरे. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली सळई) पाव वळसा आवळा आणि थांबा, लाकडाला जरा वेळ द्या. मग बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्यूनरवर जुळतात का बघा. दाबलेला चढा येत असेल तर ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे तार टेकते तो तुकडा, मागे घ्या. चढी बेस रेकॉर्ड झाली की वरचं अख्खं गाणं बेसूर वाटतं, आणि गंमत म्हणजे लोक दोष गाणाऱ्याला देतात.

तारांबद्दल माझी मतं जरा हट्टी आहेत. नव्या राउंडवाउंड (खरखरीत वेटोळ्याच्या) तारांचा तो पियानोसारखा खणखणाट मला आठवडाभरच सहन होतो. ब्रिजपाशी तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा एक तुकडा सरकवून बघा. सूर आखूड आणि गोल होतो, घुमणं थांबतं, आणि जुन्या रेकॉर्डवरच्या बेसचा भास होतो. माझ्या सगळ्या सामानात हा तुकडा सर्वात स्वस्त आहे आणि आवाज सर्वात जास्त यानेच बदलला.

रेकॉर्ड करायला लागलात की आणखी एक नको असलेली गोष्ट दिसेल. स्क्रीनवर लाटा मोठ्या करून क्लिकच्या, म्हणजे मेट्रोनोमच्या, रेघेशी ताडून पाहा. माझं असं निघालं की डी किंवा जी तारेवरून ई तारेवर येताना मी दर वेळी घाई करत होतो, वीसेक मिलिसेकंद तरी. अ‍ॅम्पच्या धुमाळीत हे मला 300 वॉटच्या त्या सगळ्या काळात कधी ऐकू आलं नव्हतं.

अ‍ॅम्प कधी घ्यायचा मग? तुमच्यासोबत कुणी ड्रमवाला खरोखरचे ड्रम वाजवायला लागेल तेव्हा. तेव्हाही 100 वॉट अपुरे पडतील. वॉट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. ड्रमसोबत 200-300 वॉटचं हलकं क्लास डी हेड (स्पीकरशिवायचा नुसता अ‍ॅम्प) घ्या. पण खोक्यावरचा आकडा बहुधा 4 ओहमसाठी असतो हे लक्षात ठेवा. 8 ओहमचं एकच कॅबिनेट लावलंत तर त्यातले निम्म्याच्या आसपास हाती येतात. ट्यूबचे राक्षस, उदाहरणार्थ 1969 मध्ये आलेला अ‍ॅम्पेग एसव्हीटी, ऐकायला स्वर्ग आहेत, पण त्याचं नुसतं हेडच 35 किलोंच्या वर भरतं. माझ्या पाठीचं ऐकाल तर दुरूनच नमस्कार करा.

तोपर्यंत मित्राच्या गिटार अ‍ॅम्पमध्ये बेस लावून जोरात वाजवू नका, त्याचा स्पीकर फाटेल आणि मैत्रीही. आणि तुमची बेस अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवाली) असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवत जा. केबल लावलेली असली की आतलं सर्किट चालूच राहतं आणि 9 व्होल्टची बॅटरी संपते, तीही बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी तालमीच्या ऐन सुरुवातीला.